याला स्कोप काय?

उल्हासनगरचं नाव काढलं की एक विनोद हमखास येतो. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'. मी कॅम्प ४ मध्ये वाढले हे कळल्यावर तो मला ऑफिसात, लोकलमध्ये आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवला गेलाय. विनोदाबद्दल तक्रार नाही. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. या शहरात बनतं ते सगळं नकली, आणि या शहरात राहतात ते सगळे सिंधी. दोन्ही चूक. सिंधी निर्वासितांवर इंग्रजीत चांगली पुस्तकं आहेत, नंदिता भवनानींचं 'द मेकिंग ऑफ एक्झाइल' (२०१४) हे त्यातलं एक. मला मात्र सुभाष टेकडीवरून दिसणारं शहर समजून घ्यायचं होतं. सिंधी दुकानदार, खानदेशातून आणि घाटावरून आलेले मराठी कामगार, उत्तर प्रदेशातून आलेले जीन्स शिवणारे कारागीर, हे सगळे एकाच गल्लीत कसे आले आणि एकमेकांना काय समजतात, हे कसं लिहायचं असतं?

या शोधात मी खऱ्या यूएसएमध्ये जाऊन पोचले. म्हणजे एका पुस्तकात. रोनाल्ड टाकाकी यांचं 'स्ट्रेंजर्स फ्रॉम अ डिफरंट शोअर' १९८९ साली आलं. अमेरिकेतल्या आशियाई लोकांचा हा इतिहास तिथल्या 'एशियन अमेरिकन स्टडीज' या विषयाच्या वर्गांत वर्षानुवर्षं वाचला गेला. हा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे, त्या विषयाबद्दल आहे, आणि आपल्याकडे अशा कुठल्याही विषयाला विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाबद्दल आहे: याला स्कोप काय?

नाव कोणी ठेवायचं

'एशियन अमेरिकन' हा शब्द सरकारने दिलेला नाही. १९६८ साली बर्कलीत युजी इचिओका आणि एमा गी या दोन विद्यार्थ्यांनी तो वापरात आणला. तोवर चिनी, जपानी, फिलिपिनो अशा सगळ्यांना गोरे लोक सरसकट 'ओरिएंटल' म्हणत. गालिचे आणि फुलदाण्यांना लावायचं विशेषण माणसांना लावलेलं होतं. ते नाकारून एकत्र लढण्यासाठी या मुलांनी स्वतःचं नाव ठेवलं.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला. काळे, मेक्सिकन, मूळनिवासी आणि आशियाई विद्यार्थी एकत्र आले. मागणी साधी होती: आमच्या लोकांचा इतिहास आम्हाला शिकवा, आणि आमच्या वस्त्यांतल्या मुलांना कॉलेजात प्रवेश द्या. संप साडेचार महिने चालला. एका दिवशी चारशेहून अधिक जणांना अटक झाली. संप मोडायला उभे असलेले प्रभारी अध्यक्ष एस. आय. हायाकावा स्वतः जपानी वंशाचे, आणि भाषेच्या अर्थशास्त्रावर, म्हणजे शब्दार्थावर, गाजलेलं लेखन केलेले. निदर्शकांच्या गाडीवर चढून त्यांनी लाउडस्पीकरच्या वायरी उपटल्या, आणि त्याच प्रसंगाने ते देशभर प्रसिद्ध झाले. म्हणजे रक्ताने 'आपला' असलेला माणूस आपल्या बाजूला असेलच असं नाही, हा धडा या विषयाला पहिल्याच वर्षी मिळाला. २० मार्च १९६९ ला संप मिटला आणि अमेरिकेतलं वंशवैविध्याच्या अभ्यासाचं पहिलं स्वतंत्र विद्यालय तिथे सुरू झालं.

हे वाचताना मला परकं वाटलं नाही. फाळणीनंतर आलेले लोक 'शरणार्थी' शब्द नाकारून स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवत. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली ती अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेऊन. माझ्या आजोबांच्या पिढीने गावाने दिलेलं नाव टाकून 'बौद्ध' हे नाव घेतलं. आमच्या शहराचं नाव मात्र वरून आलं. कल्याणजवळची महायुद्धातली लष्करी छावणी, तिचं ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी 'उल्हासनगर' केलं. छावणी कागदावरून गेली, 'कॅम्प' तोंडातून गेला नाही. आजही पत्ता बॅरेक नंबर आणि कॅम्प नंबरानेच लिहिला जातो.

पुस्तक काय करतं

टाकाकी १९३९ साली होनोलुलूत जन्मले. त्यांचे आजोबा जपानमधून हवाईच्या उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आलेले. पुस्तकातला हवाईचा भाग मला सगळ्यात जिवंत वाटतो, कारण तिथे लेखकाला नुसती सहानुभूती नाही, यंत्रणेची समज आहे. मळेवाल्यांच्या पत्रव्यवहारात मागवायच्या मालाच्या यादीत कॅनव्हास आणि मॅकरोनीच्या ओळीत मजूरही लिहिलेले असतात. मजुराला नावाऐवजी नंबर, धातूच्या बिल्ल्यावर कोरलेला. त्या बिल्ल्याला 'बांगो' म्हणत. मजूर मुद्दाम वेगवेगळ्या देशांतून आणायचे, म्हणजे एकी होणार नाही. १९०९ साली जपानी मजुरांनी एकट्यानेच संप केला तेव्हा मालकांनी दुसऱ्या देशांचे मजूर कामावर घेतले. १९२० साली जपानी आणि फिलिपिनो मजूर एकाच वेळी संपावर गेले.

टाकाकी हे आकडेवारीने सांगतात, पण तिथेच थांबत नाहीत. मळ्यावरच्या बायकांची कामाची गाणी, म्हाताऱ्यांच्या आठवणी, पत्रं, सगळं पुरावा म्हणून वापरतात. मळ्यावर वेगवेगळ्या भाषांच्या मिश्रणातून एक बोली तयार झाली, तिचीही दखल घेतात. आमच्या कॅम्पातली हिंदी आठवा. व्याकरण मराठीचं, शिव्या सिंधीच्या, लकब भोजपुरीची. तिला आपण 'घाण हिंदी' म्हणून हसतो. टाकाकींनी तिच्यात ऐतिहासिक दस्तऐवज पाहिला असता.

या पुस्तकाचं मोठेपण मला इथे वाटतं. ते आपल्या लोकांची आरती ओवाळत नाही. कोणाला किती मजुरी, ती का वेगळी, त्यात कोणाचा फायदा, असे प्रश्न विचारत जातं. भारावून न जाता माया ठेवणं अवघड असतं. ते इथे बऱ्याच अंशी साधलंय.

तीन फायली

पुस्तकातला एक प्रसंग मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी झाली. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली आणि पालिकेतल्या जन्मनोंदी जळाल्या. मग अनेक चिनी पुरुषांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं. नागरिकाच्या मुलांना येता येत असे, म्हणून कागदोपत्री मुलगे तयार झाले. त्यांना 'पेपर सन्स' म्हणत. सरकारनेही त्यावर उपाय काढला. १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंडवर उलटतपासणी होई. गावात विहीर कुठल्या बाजूला? घराला पायऱ्या किती? शेजारी कोण? बापाचं आणि मुलाचं उत्तर जुळलं पाहिजे. मुलं उत्तरांची वही बोटीवर पाठ करत आणि किनारा आला की समुद्रात फेकून देत.

आपल्याकडे ज्यांनी जात पडताळणी केली आहे त्यांना ही वही ओळखीची वाटेल. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी मला जात वैधता प्रमाणपत्र लागणार होतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा. वंशावळ, शपथपत्र, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. पप्पा जळगाव जिल्ह्यातल्या गावी दोनदा एसटीने जाऊन आले. आजोबांच्या दाखल्यावर जातीचं नाव एक, पप्पांच्या दाखल्यावर 'बौद्ध'. मधल्या काळात १९५६ साल येऊन गेलंय हे घरात सगळ्यांना माहीत, पण तेच कागदावर सिद्ध करायला चार महिने गेले.

प्रमाणपत्र मिळालं, प्रवेश झाला, फाइल कपाटात गेली. आमच्या घराने स्वतःच्या इतिहासावर केलेलं ते एकमेव संशोधन. आजोबांनी गाव का सोडलं? अंबरनाथला काम मिळालं ते कोणाच्या ओळखीने? कॅम्प ४ मधली खोली कोणी दिली? हे समितीने विचारलं नाही, म्हणून आम्हीही विचारलं नाही.

शेजारच्या सिंधी अंकलकडेही फाइल आहे. त्यांच्या वडिलांनी सिंधमध्ये सोडलेल्या घराचा 'क्लेम' भरला होता, कारण १९५० आणि १९५४ च्या कायद्यांनी निर्वासितांच्या मालमत्तेची नोंद आणि भरपाई ठरणार होती. मागे काय राहिलं हे लांबच्या अधिकाऱ्याला पटवून द्यायचं होतं. त्या फाइलमध्ये बॅरेकमधल्या खोलीची सनदही आहे. जवळच्या नेवाळीत तिसरी फाइल सापडेल. महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून तिथले शेतकरी जून २०१७ मध्ये रस्त्यावर उतरले, गाड्या जळाल्या. त्यांच्याकडे सातबारा आणि जुने फेरफार.

तीन फायली, तीन समाज. प्रत्येक जण आपापली फाइल छातीशी धरून आहे आणि दुसऱ्याची खोटी असेल असं त्याला वाटतं. टाकाकींचं पुस्तक अशाच वेगवेगळ्या फायली एका टेबलावर मांडतं. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो, पंजाबी. एकाला दुसऱ्याविरुद्ध कसं वापरलं गेलं ते त्या टेबलावरच दिसतं. आपापल्या कपाटात कधीच दिसत नाही.

कागदाची किंमत

माझी मावसबहीण यंदा बारावीला आहे, आर्ट्सला. तिला पुढे समाजशास्त्र घ्यायचंय. मावशीने मला गाठलं. "तू इंजिनिअर आहेस, तूच समजाव हिला. हे करून पोटापाण्याचं काय? याला स्कोप काय?"

मावशीचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. घरात एकच पगार असेल तर तीन वर्षांची पदवी हा जुगार असतो. अमेरिकेतही एशियन अमेरिकन स्टडीज घेणाऱ्या मुलांना आई-बाप हेच विचारतात, आणि तिथे तर डोक्यावर शैक्षणिक कर्ज असतं. बरीच मुलं हा विषय दुसऱ्या विषयाच्या जोडीने घेतात. पुढे कोणी शिक्षक होतं, कोणी वकील, कोणी वस्तीतल्या दवाखान्यात किंवा कामगार संघटनेत काम करतं, कोणी ग्रंथालयात, संग्रहालयात, पत्रकारितेत. कॅलिफोर्नियाने २०२१ साली शाळांमध्ये वंशवैविध्याचा अभ्यास सक्तीचा करणारा कायदा केला, पण त्यातच निधीची अट घातली. म्हणजे नोकऱ्यांचा पाऊस तिथेही नाही.

पण एक उदाहरण मी मावशीला सांगितलं. १९४२ साली अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. फ्रेड कोरेमात्सु नावाचा तरुण गेला नाही, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४४ साली तो हरला. सरकारचं म्हणणं होतं, निष्ठावान कोण आणि गद्दार कोण हे तपासायला वेळ नव्हता. १९८२ साली आयको हर्झिग-योशिनागा ही बाई राष्ट्रीय अभिलेखागारात कागद चाळत होती. ती स्वतः सतराव्या वर्षी मांझानारच्या छावणीत गेलेली, इतिहासाची कुठलीही पदवी नसलेली. तिला लष्करी अहवालाची मूळ प्रत सापडली. तिच्यात लिहिलं होतं की प्रश्न वेळेचा नव्हताच, या वंशाच्या लोकांत फरक करता येणंच शक्य नाही. नंतर ते वाक्य बदललं गेलं आणि जुन्या प्रती जाळल्या गेल्या. एक उरली होती.

मी रोज कोडच्या दोन आवृत्त्यांतला फरक बघते. कुठली ओळ कोणी, कधी बदलली हे शोधणं हे माझं पगारी काम आहे. या बाईने तेच केलं, फक्त तिच्या फाइलमध्ये लाखभर माणसं होती. पुराव्यांच्या जोरावर डेल मिनामी आणि इतर तरुण वकिलांनी खटला पुन्हा उघडला. मिनामी हे बर्कलीत एशियन अमेरिकन स्टडीज शिकवलेले वकील. १० नोव्हेंबर १९८३ ला कोरेमात्सुची शिक्षा रद्द झाली. १९८८ साली कायदा होऊन सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले.

मावशी म्हणाली, "ते अमेरिकेत." बरोबर आहे. पण आपल्या शहरातही सगळं कागदावरच तर अडलंय. बेकायदा इमारती नियमित करायला २००६ साली या एका शहरासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. स्लॅब कोसळून माणसं गेली की ती इमारत कोणाची, कधीची, कोणत्या जागेवर, हा शोध सुरू होतो. सनद, क्लेम, वैधता, सातबारा हे वाचता येणारी, आणि ते ज्यांचे आहेत त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येणारी माणसं या शहराला हवी आहेत. ती वकिलाच्या ऑफिसात लागतात, पालिकेत लागतात, वर्तमानपत्रात लागतात. मला हाच त्या विषयाचा स्कोप वाटतो. पगार माझ्यापेक्षा कमी असेल, हे मी मावशीपासून लपवलं नाही. माझ्या बॅचमधले कित्येक इंजिनिअर आज इंजिनिअरिंग सोडून दुसरंच काहीतरी करतायत, हेही सांगितलं.

पुस्तक कुठे कमी पडतं

आता टाकाकींशी असलेलं भांडण. पुस्तकाच्या नावातच 'दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेले परके' आहेत. सगळे समुद्र ओलांडून येतात आणि गोऱ्या समाजाच्या दारात उभे राहतात. अन्यायाची रेघ गोरे आणि आशियाई यांच्यात आखली जाते. कॅम्प ४ मधून वाचताना हा किनारा पुरत नाही. सिंधी कुटुंबं कराचीहून बोटीने आली हे खरं. माझे आजोबा समुद्र न ओलांडता, आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत परके होते. त्यांना परकं करायला किनारा लागला नव्हता, गावाची वेस पुरली होती.

भारतीयांवरच्या प्रकरणात पंजाबी शेतकरी आहेत, त्यांचे कष्ट आहेत, भगतसिंग थिंड यांचा १९२३ चा खटला आहे. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्व मागताना ते उच्चवर्णीय हिंदू म्हणून, म्हणजे आर्य, म्हणजे गोरे म्हणून कोर्टात उभे राहिले. गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे जसा बघतो तसाच उच्चजातीय हिंदू खालच्यांकडे बघतो, अशा तऱ्हेचा युक्तिवादही त्यांच्या बाजूने झाला. कोर्टाने तो मानला नाही, आणि पुढे इतर भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. थिंड यांच्यावरचा अन्याय खराच आहे. पण ज्या शिडीवरून ते वर चढू पाहत होते तिची खालची पायरी आम्ही होतो. मी हे पुस्तक वाचलं त्यात जात हा धागा मला सापडला नाही. वंशाच्या बाबतीत इतका तीक्ष्ण असलेला लेखक जातीपाशी मवाळ होतो.

पुस्तक १९८९ चं आहे, हे लक्षात ठेवूनच मी म्हणतेय. विषय पुढे सरकला. हवाईतल्या मूळनिवासी अभ्यासक हौनानी-के ट्रास्क यांनी २००० साली आशियाई लोकांनाच सवाल केला: मळ्यावरचा तुमचा घाम खरा, पण ती जमीन कोणाची होती? कॅम्प ज्या गावांच्या जमिनींवर वसला, त्यांच्याकडून हा प्रश्न आपल्यालाही येतो. आणि ज्या सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये तो संप झाला, ते ज्या विद्यापीठ समूहाचा भाग आहे त्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदावर बंदी घातली. तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, आणि आधी सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तशाच विधेयकावर सही करायला नकार दिला. विरोध करणाऱ्यांत भारतीय वंशाच्या संघटना होत्या. हायाकावा पुन्हा गाडीवर चढले म्हणायचे.

म्हणून मला हा विषय 'अभिमानाचा अभ्यास' म्हणून नको आहे. तसं झालं तर सिंधी मुलं सिंधी उद्योजकतेवर प्रकल्प करतील, मराठी मुलं मराठी बाण्यावर, आणि फायली कपाटातच राहतील. टाकाकींची पद्धत घ्यायची आणि त्यांना न दिसलेले प्रश्न त्यांच्याच पद्धतीने विचारायचे.

त्यासाठी विद्यापीठाने नवा विभाग काढेपर्यंत थांबायची गरज नाही. दक्षिण आशियाई अमेरिकनांचं 'साडा' नावाचं डिजिटल संग्रहालय २००८ साली सुरू झालं. ते मूळ कागद ताब्यात घेत नाही. कागद घरीच राहतो, स्कॅन आणि त्याची नीट नोंद संग्रहात जाते. हे फोनवर होण्यासारखं काम आहे. कागद कोणाचा, कुठल्या सालचा, कोणी दिला, त्यातली कोणती माहिती जगाला दाखवायची नाही, एवढं नीट लिहिलं की झालं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण आपल्याकडे आडनावाबरोबर जात उघडी पडते.

मावसबहिणीने समाजशास्त्रासाठी फॉर्म भरलाय. पहिलं काम म्हणून तिने आमची वैधतेची फाइल मागितली, आणि पप्पांना विचारलं की आजोबांना कॅम्पात आणलं कोणी. पप्पांनी एक नाव सांगितलं. ते नाव सिंधी होतं.